तीन कोटेशन, एक दुकान

मागच्या गॅदरिंगला मंडपाचं काम माझ्याकडे होतं. ऑफिसातून सांगितलं, "तीन कोटेशन आण." मी एका डेकोरेटरकडे गेलो. तो म्हणाला, "कशाला उन्हात फिरतोस? बाकीची दोन मीच देतो." त्याने ड्रॉवरमधून दोन वेगळी लेटरहेड काढली, दर थोडे चढवून लिहिले, शिक्के मारले. त्याचा स्वतःचा दर अर्थातच सगळ्यात कमी! दहा मिनिटांत काम फत्ते. फाईल एकदम क्लीन. फक्त स्पर्धा तेवढी झाली नव्हती.

मित्रांनो, महापालिकेच्या टेंडरचा विषय निघाला की आपण कट्ट्यावर तावातावाने बोलतो. "सगळे चोर आहेत" म्हटलं की चर्चा संपली. पण नियम काय आहे, हे किती जणांनी वाचलंय?

मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. ठराविक रकमेवरच्या कामासाठी किंवा खरेदीसाठी जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात, असं त्याच्या अनुसूची 'ड' मधलं प्रकरण ५ सांगतं. लगेच पुढे सूटही आहे. स्थायी समितीच्या मंजुरीने, कारणं नोंदवून, निविदेशिवायही करार करता येतो. पेपरात '५(२)(२) खालचा प्रस्ताव' म्हणून येतं ते हेच. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही कलम ७२ मध्ये अशीच तरतूद आहे.

सूट नकोच, असं मी म्हणणार नाही. मध्यरात्री मुख्य जलवाहिनी फुटली तर जाहिरात देऊन सात दिवस थांबायचं का? पण नालेसफाईचं काय? पावसाळा येणार हे जानेवारीतही माहीत असतं. फाईल उशिरा हलवायची आणि मग 'तातडीची बाब' म्हणायचं, ही आपत्ती नव्हे, हा आळस. कधी कधी आळसाहूनही वाईट. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालात, मुंबई महापालिकेच्या दोन विभागांनी २१४.४८ कोटी रुपयांची २० कामं निविदा न मागवता दिल्याची नोंद आहे.

या सुटीला ब्रेक दोनच: समितीची मंजुरी आणि लेखी कारण. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा पहिला ब्रेक निघाला. प्रस्ताव आयुक्तांचा, आणि प्रशासक म्हणून मंजुरीही त्यांचीच! उरलं फक्त लेखी कारण. आणि ते वाचणारंच कोणी नसेल, तर त्याची किंमत माझ्या तीन कोटेशनइतकीच.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. निविदेशिवाय दिलेल्या प्रत्येक कामाचं कारण, रक्कम आणि ठेकेदाराचं नाव आठवड्याच्या आत वेबसाईटवर, साध्या मराठीत टाकलं पाहिजे. माहिती आपणहून जाहीर करा, हे माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ २००५ पासून सांगतंच आहे. आपल्यातले कितीतरी जण उद्या याच खात्यांत ज्युनिअर इंजिनिअर होतील. 'तातडीचे' हा शेरा तेव्हा आपल्याच पेनाने लिहिला जाणार आहे.

सुरुवात घरातूनच करू. यंदाच्या गॅदरिंगची कोटेशन होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा. तिन्ही शिक्क्यांची शाई एकच आहे का, ते पोरं बरोबर ओळखतील!