तारण

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पहाटेपासून माणसांची वर्दळ असते. कुणाचे गुडघे धरलेले असतात, कुणाला त्वचेचा विकार असतो, कुणी नित्यानंदबाबांच्या समाधीच्या दर्शनाआधी स्नानाला आलेला असतो. आठ वर्षांपूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून मीही अधूनमधून इथे येऊन बसतो. तिच्या आजारपणात मी एकही देव मागायचा सोडला नव्हता. नवस बोललो, उपास केले. ती गेली आणि माझा देवाशी असलेला व्यवहार बंद झाला. व्यवहार हा शब्द मी जाणूनच वापरतो. ज्याची हयात बँकेत गेली त्याला दुसरा सुचणार तरी कुठला?

त्या दिवसांत मला वारंवार एक मावशी आठवत. नोकरीतली काही वर्षे मी वसईच्या बाजूला होतो. सोनेतारण कर्जासाठी एक ख्रिस्ती विधवा आली होती. नवरा आधीच गेलेला, कर्ता मुलगा वर्षापूर्वी समुद्रावर गेला तो परतला नव्हता. नातवंडांच्या शाळेसाठी बांगड्या ठेवायच्या होत्या. अर्जावर सही करताना ती म्हणाली, "साहेब, काल फादर तारणावर बोलले, आज तुम्ही तारण मागता. दोन्हीकडे शब्द एकच कसा हो?" आम्ही सगळे हसलो. मी सहज विचारले, "मावशी, एवढे सोसूनही तुम्ही चर्चला जाता?" ती म्हणाली, "आधी मागायला जायची. आता नुसती बसायला जाते. आता बरे वाटते."

त्या वेळी मला हे भाबडेपणाचे वाटले होते. पण मराठी भाषेने एका शब्दात दोन टोके बांधून ठेवली आहेत खरी. बँकेचे तारण म्हणजे परतफेडीच्या हमीसाठी अडकवलेली वस्तू. ख्रिस्ती माणसाचे तारण म्हणजे उद्धार. आपल्यापैकी बहुतेकांची श्रद्धा, धर्म कुठलाही असो, पहिल्या अर्थाची असते. आपण पूजा-प्रार्थना तारण ठेवतो आणि सुखाचे कर्ज उचलतो. संकट येते तेव्हा ही हमी खोटी ठरते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. मागे काही उरते का?

पंडिता रमाबाईंना हा प्रश्न एकदा नव्हे, अनेकदा पडला. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे आईवडील तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. त्या भुकेने रमाबाईंची परंपरागत श्रद्धा बळकट केली नाही, उलट ती मोडली. हे नजरेआड करून चालणार नाही. पुढे १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्या अनुभवकथनात त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. मधल्या वर्षांत शारदा सदन उभे राहिले आणि त्यावर वादळही उठले. १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

त्यानंतर १८९६-९७चा दुष्काळ आला. भूक काय असते हे जाणणारी ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली-स्त्रियांना घेऊन आली. केडगावच्या मुक्ती मिशनचा पसारा त्यातूनच वाढला. १९२१ साली मनोरमा गेली. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबल उतरवीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरही ज्या देवाचे शब्द लिहावेसे वाटतात, त्या देवाशी नाते कर्जाचे नसते.

लक्ष्मीबाई टिळकांचे दुःख निराळे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. त्यांनी नवऱ्याचा धर्म नवऱ्यासाठी उचलला नाही. आधी मनातला सोवळ्याओवळ्याचा, जातिभेदाचा गुंता स्वतःच्या हाताने सोडवला आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' बाईंनी पुढे नेले. 'स्मृतिचित्रे'मध्ये एवढ्या सोसण्याविषयी कुठे कडवटपणा नाही, उलट हसू आहे. श्रद्धा खोल गेल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

एका समाजाचे उदाहरण तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी आप्पांनी वसईच्या किल्ल्यासाठी बोललेल्या नवसाचे. १७३९ साली वसई पडली आणि आपल्या मनाला अजूनही अभिमान वाटतो. पोर्तुगीज राजवटीत धर्माच्या नावाने जुलूम झाले होतेच. पण त्या विजयाची दुसरी बाजूही आहे. पोर्तुगीज गेले, त्यांचे बहुतेक पाद्री गेले. मागे राहिले ते इथलेच शेतकरी आणि कोळी. तहाने त्यांना धर्म पाळायची मोकळीक दिली, हे मराठ्यांचे मोठेपण. पण राजसत्तेचा आधार संपला होता. त्या धर्मात राहण्याने आता काही पदरात पडणार नव्हते. तरी ते राहिले, मराठी बोलीतच प्रार्थना करीत राहिले. माझ्या मावशी त्यांच्याच लेकी.

म्हणून दुःख चांगले असे म्हणायचे का? मुळीच नाही. दुःखाने माणसे मोडतात, दारूला लागतात, कडवट होतात. दुसऱ्याच्या दारात जाऊन "देव परीक्षा पाहतो" असे सांगण्यासारखा निर्दयपणा नाही. रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना भुकेचे तत्त्वज्ञान सांगितले नाही, त्यांना जेवायला घातले. माझ्या मते फरक तिथेच पडतो. जे दुःख माणसाला दुसऱ्याच्या दुःखापाशी नेते, त्यातून श्रद्धा वाढते. जे त्याला स्वतःच्या हिशेबातच कोंडून ठेवते, त्यात ती करपते. मी आठ वर्षे हिशेब करीत होतो.

गेल्या खेपेस कुंडावर एक गृहस्थ बायकोचे सुजलेले पाय पाण्यात धरून बसले होते. पाणी फार कढत होते, ते स्वतःच्या ओंजळीत निववून तिच्या पायांवर घालत होते. त्यांचा धर्म कोणता हे मी विचारले नाही. जवळ जाऊन एवढेच म्हटले, "तुम्ही जरा चहा घेऊन या, मी बसतो इथे." ते गेले. मी बसलो. मावशी म्हणाल्या होत्या तसा, काही न मागता, नुसता बसलो. बऱ्याच वर्षांनी बरे वाटले.