कोणत्याही एका विषयावर

दिवाळीत नातू गोंदियाला आला की त्याचा लॅपटॉप ओसरीवर मांडला जातो आणि माझी शिकवणी सुरू होते. या खेपेचा धडा होता 'द स्टॅन्ली पॅरेबल'. "आबाजी, पुस्तकात लेखक सांगेल तेच. गेममध्ये मात्र गोष्ट आपण ठरवतो," इति चिरंजीव. हे वाक्य हल्ली बऱ्याच तरुणांच्या तोंडी ऐकतो. मला ते साफ अमान्य आहे.

आधी खेळ सांगतो. यात बंदूक नाही, गुण नाहीत, नुसते हिंडायचे. स्टॅन्ली हा ४२७ क्रमांकाचा कर्मचारी. एके दिवशी कार्यालयात त्याच्याशिवाय कोणीच उरत नाही. तो उठतो, दोन उघड्या दारांपाशी येतो आणि निवेदक सांगतो की स्टॅन्ली डावीकडच्या दाराने गेला. आपण उजवीकडे गेलो तर? निवेदक गोष्ट सावरून घेतो, पुन्हा वाटेवर आणू बघतो, शेवटी चिडतो. नातू मुद्दाम झाडू ठेवायच्या खोलीत जाऊन उभा राहिला, तर टोमणे मारायला स्वारी तिथेही हजर!

"बघा, मी ऐकलं नाही त्याचं!"

अरे, पण ते टोमणे लिहिले कोणी? डेव्ही रेडनने हा खेळ २०११ मध्ये प्रथम केला, २०१३ मध्ये विल्यम प्यूच्या साथीने स्वतंत्रपणे आणला. केव्हन ब्रायटिंगचा आवाज तुझ्या आधीच ध्वनिमुद्रित झालेला. तुझ्या बंडाची संहिता तयारच होती. शेवट अनेक आहेत म्हणतोस. २०२२ च्या आवृत्तीत आणखी वाढले. वाढोत बापडे! दारे वाढली तरी बांधणारा तोच. रेडनचे कौतुक एवढ्यासाठी की तो हे लपवत नाही, उलट त्याचीच थट्टा करतो. पुण्यात तयार झालेल्या 'राजी'त (२०२०) दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, तिथे गोष्ट त्यांची हे उघड असते. राग आहे तो 'तुमची कथा तुम्हीच लिहा' अशी जाहिरात करणाऱ्यांचा.

हा राग थोडा घरचाही आहे. उभी हयात मराठी शिकवले. 'खालीलपैकी कोणत्याही एका विषयावर निबंध लिहा' हे वाक्य किती प्रश्नपत्रिकांत लिहिले असेल! त्यालाही आम्ही निवडच म्हणायचो. एका सहामाहीत एका मुलीने चारही विषय सोडून, धान कापायला गेलेल्या आईची संध्याकाळी वाट पाहण्यावर दोन पाने लिहिली. वर्गात तसे कोणीच लिहिले नव्हते. मी लाल शाईने 'विषयांतर' असे लिहून शून्य दिले. तिने काही विचारलेही नाही.

तिने जे केले त्याचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. खेळात असे होऊच शकत नाही. जिथे तिसरे दार बांधलेले नाही तिथे भिंतच.

नातवाला हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे निवेदक तुम्हीच होता, आबाजी."

तो निदान चिडतो तरी. मी पुढची उत्तरपत्रिका घेतली होती.