तारा जमिनीखाली, जबाबदारी कुणाकडे?

डोक्यावर लोंबकळणारे वीजतारांचे जाळे कोणत्याही नगराला भूषणावह नाही. म्हणूनच निवडणूक जवळ आली की ‘तारा भूमिगत करू’ हे आश्वासन हमखास दिले जाते. टाळ्याही पडतात. त्या गजरात एक प्रश्न मात्र विरून जातो : या कामाचे मोल किती आणि ते चुकवणार कोण?

काशीचे उदाहरण बोलके आहे. तेथील जुन्या नगरात सुमारे १६ चौरस किलोमीटर क्षेत्रातील तारा २०१७ अखेरपर्यंत जमिनीखाली गेल्या. जवळपास ५० हजार ग्राहकांसाठी सुमारे ४३२ कोटी रुपये खर्च झाले. म्हणजे एका ग्राहकामागे ८६ हजारांहून अधिक! तरीही हा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही. चिंचोळ्या गल्ल्यांत हाताच्या अंतरावर लोंबणाऱ्या तारा म्हणजे जिवाशी खेळच होता. कोकण किनाऱ्याचेही तसेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. जेथे प्राण पणाला लागतात, तेथे हात आखडता घेऊ नये.

परंतु केवळ शोभेसाठी, रुंद रस्त्यांच्या वसाहतींत हाच खटाटोप कशासाठी? खांबावरची तुटलेली तार डोळ्यांना दिसते; जमिनीतील केबलचा दोष यंत्राने हुडकावा लागतो, रस्ता खोदावा लागतो. सदोष जोडात पाणी शिरले की पुन्हा तेच दुष्टचक्र. भूमिगत वीज म्हणजे अखंड वीज, हाही भ्रमच होय. मुंबईतील वितरणाच्या तारा बहुतांशी जमिनीखाली असूनही १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगर काही तास ठप्प झाले. कारण बिघाड महानगरात बाहेरून वीज आणणाऱ्या पारेषण यंत्रणेत होता.

खरा रोग नियोजनशून्यतेचा आहे. आज वीजवाले खोदतात, उद्या पाणीवाले, परवा दूरध्वनीवाले. रस्ता तोच आणि खड्डेही त्याच करदात्याच्या नशिबी! सर्व वाहिन्यांसाठी एकच सामायिक मार्ग, त्याचा अचूक नकाशा आणि खोदाईला उत्तरदायी असा एक अधिकारी, एवढे तरी आधी हवे. पैसा वीजदेयकातून येवो वा अनुदानातून, खिसा नागरिकाचाच असतो. तेव्हा टाळी वाजवण्यापूर्वी त्याने हिशेब मागावा. तारा जमिनीत गाडता येतात. उत्तरदायित्व गाडू देता कामा नये.