गुडघ्यातील गादी फाटली तर

कबड्डीच्या डावात पाऊल जमिनीस रोवलेले राहून अंग एकदम वळते, किंवा उकिडव्या बसलेल्या गृहिणीच्या गुडघ्यास उठताना हिसका बसतो. आत काहीतरी तुटल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो. मांडीचे व नडगीचे हाड यांच्यामध्ये प्रत्येक गुडघ्यात कूर्चेच्या दोन गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ लहानशी चंद्रकोर. आकार पाहता आपली 'कोर'ही शोभून दिसली असती. शरीराचा भार हाडांवर सर्वत्र पसरून देणे, हे या गाद्यांचे काम.

फाटलेली गादी समूळ काढून टाकण्याचा पूर्वी प्रघात होता. अशा रुग्णांच्या गुडघ्यांत पुढे झिजेची चिन्हे उमटतात, हे फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४८ साली क्ष-किरण चित्रांवरून दाखविले. आता शक्य तेवढी गादी राखण्याकडे कल असतो. तिच्या बाहेरच्या कडेस रक्तपुरवठा असतो. तरुणाची गादी तेथे फाटली असेल तर दुर्बिणीच्या साहाय्याने टाके घालता येतात व ती सांधू शकते. मात्र मैदानावर परतण्यास कित्येक महिने लागतात. आतल्या भागास रक्त पोहोचत नाही, म्हणून तेथे टाके क्वचितच टिकतात.

मध्यम वयात झिजेने फाटलेल्या गादीची गोष्ट वेगळी. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वर्षांच्या १४६ रुग्णांपैकी काहींची गादी दुर्बिणीतून खरोखर छाटली, काहींवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. कोणास काय लाभले हे रुग्णांस ठाऊक नव्हते! वर्षाअखेर दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणून या वयात केवळ एम.आर.आय. चित्रात फाट दिसली एवढ्यावर शस्त्रक्रियेस संमती देण्याची घाई आपण करू नये. मुळीच दुखत नसलेल्या गुडघ्यांतही अशी फाट पुष्कळदा दिसते.

आरंभी विश्रांती, बर्फाचा शेक व पट्टी. मग मांडीचे स्नायू बळकट करावेत: उताणे निजून एक गुडघा दुमडावा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक मोजून सावकाश खाली आणावा. भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने असे व्यायाम सुमारे तीन महिने नेटाने करावेत. तोवर मांडी घालून बसणे टाळावे.

परंतु गुडघा अडकून सरळच होईनासा झाला, तर फाटलेला तुकडा सांध्यात शिरल्याचा संभव असतो. तेव्हा कोणाकडूनही पाय ओढवून वा चोळून न घेता अस्थिशल्यविशारदास विनाविलंब दाखवावे.