हजार येनची भिंत

जपानमधल्या रामेनच्या धंद्यात एक शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो: 'सेन-एन नो काबे', हजार येनची भिंत. वाडग्याची किंमत हजाराच्या वर गेली की गिऱ्हाईक पाठ फिरवतं, असा दुकानदारांचा धसका. त्याच गल्लीत दीड हजाराचा पास्ता निमूट खाणारी माणसं रामेन हजार पन्नास झालं की 'आता रामेनसुद्धा?' म्हणतात. मला त्या 'सुद्धा'चा राग येतो.

मी फुकुओकात राहते, म्हणून हाकाता रामेनबद्दल बोलते. (डुकराच्या हाडांचं सूप आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी नुसतं वाचावं.) हाडं स्वच्छ करून तासन्‌तास खळाखळा उकळायची. नितळ सूप हवं असेल तर आच मंद ठेवतात. इथे मुद्दाम भडक, कारण हाडांतलं जिलेटिन आणि चरबी पाण्यात घुसळली गेली तरच ते दुधासारखं पांढरं होतं. ढवळलं नाही तर तळाला लागतं. म्हणजे त्या भांड्यापाशी कोणीतरी सतत हवं, आणि गॅस चालूच.

नूडल्स बारीक का, तर नागाहामाच्या मासळीबाजारातल्या घाईतल्या माणसांना झटपट वाढता यावं म्हणून, असं इथे सांगतात. बारीक नूडल पटकन शिजते आणि पटकन मऊ पडते. म्हणून आधी थोड्याच वाढतात, आणि उरलेल्या सुपात 'काएदामा', म्हणजे नूडल्सचा दुसरा गोळा, मागवायचा. किती कडक हवा तेही सांगायचं. 'हारिगाने', म्हणजे तार, इतपत कडक मागणारे आहेत. मला ते कच्चं पीठ लागतं, पण असो.

गहू महागला, गॅस महागला, येन पडला. किंमत मात्र भिंतीच्या अलीकडेच हवी. 2024 मध्ये 72 रामेन दुकानं दिवाळखोरीत गेली, तोवरचा उच्चांक. ही टेइकोकु डेटाबँकेची मोजणी, आणि त्यात एक कोटी येनच्या वर देणी असलेलेच धरतात. गुपचूप शटर ओढणारे वेगळे.

'हे कष्टकऱ्यांचं जेवण, ते स्वस्तच हवं,' हा युक्तिवाद मला ऐकवला जातो. विद्यार्थ्याच्या तोंडून तो मला पटतोही. पण ही स्वस्ताई काही रामेनचा स्वभावधर्म नाही. युद्धानंतर अमेरिकन गहू आला, माणसं उपाशी होती, गाड्या लागल्या. ती परिस्थिती गेली, दर तेवढा मागे राहिला. आणि त्यातला फरक कोण भरतं? भांड्यापाशी उभा असलेला माणूस, स्वतःच्या झोपेतून.

आता आपल्याकडचे लोक. पुण्यामुंबईहून येतात, रील काढतात: 'शेकडो वर्षांची ऑथेंटिक परंपरा, फक्त पाचशे रुपयांत!' शेकडो वर्षं कुठली? टोकियोतल्या आसाकुसात राइराइकेन उघडलं 1910 साली, योकोहामाच्या चायनाटाऊनमधले चिनी आचारी आणून. तोन्कोत्सुची सुरुवात कुरुमेतल्या एका गाडीवर 1937 मध्ये झाली असं मानतात. साप्पोरोचं मिसो रामेन तर 1950च्या दशकातलं, आपल्या आजोबांहून लहान. परंपरेचं कौतुक करायचं आणि त्याच दमात 'फक्त' म्हणायचं, ही आपली जुनी खोड आहे.

माझ्या घराजवळच्या दुकानात तिकीट मशीनवर एक कागद चिकटवलाय. पन्नास येन वाढवल्याबद्दल मालकाने हाताने लिहिलेली माफी. पुढच्या वेळी रील काढाल तेव्हा किमतीऐवजी त्या कागदाची काढा.