घड्याळाला विचारून जेवू नका



आज जरा भांडायला आले आहे. मनगटावरच्या घड्याळाशी, आणि त्यातला कॅलरीचा आकडा बघून ताटातली चपाती कमी करणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

गेल्या चातुर्मासात आमच्या वसईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टूम निघाली, रोज चालून आलं की किती कॅलरी जाळल्या ते टाकायचं. मीही टाकत होते, खोटं कशाला सांगू? मी आणि माझी जाऊ, दोघी बरोबरच निघायचो. पावसानं उघडीप दिली की सुरुची बागेपर्यंत जाऊन परत, तासभर. वजनं सारखीच, ६० किलोच्या आसपास. तरी माझं घड्याळ २१० म्हणायचं आणि तिचं १५०.

तिनं मनाशी धरलं की आपलंच शरीर मंद. एकासनाला एकदाच जेवायचं, त्यातही ती दोनाऐवजी एक चपाती खाऊ लागली. एका संध्याकाळी लोकलमधून उतरली आणि वसई रोडच्या फलाटावरच चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी तपासलं आणि एवढंच म्हणाले, "पोटभर जेवा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही घड्याळं मीच घातली, एक डाव्या हातात, एक उजव्या. पाय माझे, रस्ता तोच. एकानं २१२ दाखवले, दुसऱ्यानं १४९! मंद कोण होतं मग?

हिशोब साधा आहे. ६० किलोची बाई नुसती बसून राहिली तरी श्वास, हृदय, शरीराची ऊब यांवर तासाला साधारण ६० कॅलरी खर्च होतात. झपझप चालताना याच्या साडेतीन पट, म्हणजे २१०. काही घड्याळं हे सगळे २१० दाखवतात. काही त्यातले बसल्याचे ६० वजा करून १५० दाखवतात. ज्या ६० कॅलरींपायी माझ्या जावेनं चपाती सोडली, तो निव्वळ वजाबाकीचा फरक होता.

ही वजाबाकी जुळवली तरी आकडे जुळतीलच असं नाही, कारण घड्याळ कॅलरी मोजतच नाही. हिरव्या दिव्यानं नाडी बघतं, हाताचं हलणं बघतं, आपण भरलेलं वय, उंची, वजन घेतं आणि कंपनीच्या सूत्रानं अंदाज बांधतं. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं, आणि ते आपल्याला कोणी दाखवत नाही. भाजीच्या दोन पिशव्या धरून चाललात तर हात हलत नाहीत, म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही कमी चाललात. निर्जल उपवासात, उकाड्यात अंगातलं पाणी कमी होऊन नाडी वाढते, तेव्हा तेच घड्याळ जास्त कॅलरी दाखवू शकतं.

२०१७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांवर सात प्रकारची घड्याळं तपासली. खरा खर्च श्वासातल्या वायूंवरून मोजला. नाडीच्या ठोक्यांत सातांपैकी सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या घड्याळाची सरासरी चूक २७ टक्के, आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के.

हे ग्रुपवर सांगितलं तर एक ताई हसत म्हणाल्या, "अगं, हा तर अनेकांतवाद! प्रत्येकाचं आपापल्या जागी खरं." नाही ताई. अनेकांत म्हणजे एकाच सत्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघणं. २१० आणि १५० या फार तर दोन बाजू म्हणू. पण चुकलेल्या अंदाजाला सत्याची बाजू म्हणून आपल्या सिद्धांताचं नाव कशाला द्यायचं?

आपल्याकडे ऊनोदरी तप आहे, भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचं. पण त्याचं माप आपली स्वतःची भूक आहे. भूक मारून आकडा गाठणं हे तप नव्हे. त्यातून दुसरीपेक्षा आपला आकडा मोठा दिसावा म्हणून चालणं हा तर मानकषायच. तो सोडायला तर आपण चातुर्मास पाळतो ना?

"पण घड्याळामुळे बायका घराबाहेर पडून चालायला लागल्या," असं म्हणाल. खरं आहे, मीही त्यातलीच. म्हणून घड्याळ फेकून द्या असं म्हणत नाही. किती मिनिटं चाललात ते त्यात बघा. स्वतःच्याच घड्याळातलं कालचं आणि आजचं ताडून बघा. दुसरीच्या घड्याळाशी कॅलरी जुळवू नका, आणि त्यावरून ताट तर मुळीच वाढू नका.

आमच्या ग्रुपवर आता फक्त मिनिटं टाकायची असं ठरलंय. तुमच्याही ग्रुपवर हा विषय काढा. घरात सून, लेक, जाऊ कोणी आकडा बघून जेवत असेल तर तिच्या पानात आधी चपाती वाढा. घड्याळाचं नंतर बघू.