बटण कोण दाबतं?



पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. धुण्याचा दगड गेला, वॉशिंग मशीन आलं. बाईच्या कंबरेचे, मनगटांचे हाल कमी झाले, हे मोलाचंच आहे. दारात नळही नसलेल्या बाईसमोर यंत्रांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण श्रम हलके होणं वेगळं आणि वेळ मोकळा होणं वेगळं.

अमेरिकेतल्या अभ्यासक जोअ‍ॅन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये हा हिशेब मांडला. १९२४ साली तिथली पूर्णवेळ गृहिणी आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती. १९६०च्या दशकात, घरात यंत्रं आल्यावरही, ती सुमारे ५५ तास राबत होती. धुण्याचा वेळ तर वाढलाच होता. कारण कपडे वाढले आणि ते वारंवार धुतले जाऊ लागले.

आपल्या घरांत वेगळं काय दिसतं? मिक्सर आहे, मग चटणी रोज ताजी हवी. फ्रिज आला, की आठवड्याची भाजी एकदम येते आणि निवडण्या-चिरण्यात बाईचा रविवार जातो. मशीन आहे म्हणून एकदाच घातलेला शर्टही धुण्यात पडतो. वाळत घालणं, घड्या, इस्त्री मात्र यंत्र करत नाही. यंत्र नुसतं काम करत नाही, ते घराच्या अपेक्षा वाढवतं. त्या अपेक्षांबरोबर खरेदी वाढते, हप्ते वाढतात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष साधारण चारांत एक!

बटण दाबायला ना ताकद लागते, ना ‘बाईचा हात’. तरीही काम तिचंच राहतं, याचा अर्थ प्रश्न यंत्राचा नसून वाटणीचा आहे.

म्हणून आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक कागद घेऊया. घरातल्या प्रत्येक यंत्रापुढे तीन गोष्टी लिहूया: ते घ्यायचं कुणी ठरवलं, ते कोण चालवतं, आणि वाचलेला वेळ कुणाला मिळाला. तो कागद घरी नेऊन सगळ्यांसमोर वाचूया. नवीन यंत्राच्या खरेदीआधी ही चर्चा व्हायलाच हवी.